पैलवान खाशाबा जाधव : गोळेश्वर ते हेलसिंकी



१५ जानेवारी जवळ आली की आपल्या सगळ्यांची धावपळ सुरू होते. तो आता राज्य क्रीडा दिन आहे. खाशाबा जाधवांचा फोटो शोधायचा, प्रिंट काढायची, हार आणायचा आणि एखाद्या हुशार मुलाकडून पाच-सहा ओळींचं भाषण पाठ करून घ्यायचं. जन्म अमुक साली, पदक अमुक साली, जय हिंद. खरं सांगते, मीही दोन वर्षं हेच केलं.

गेल्या वर्षी भाषण झाल्यावर माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं की बाई, कांस्य म्हणजे तिसरा नंबर ना, मग पहिल्या आणि दुसऱ्या नंबराचा वाढदिवस का नाही साजरा करत? मुलं हसली. मला काही लगेच उत्तर सुचलं नाही. घरी जाऊन मी खाशाबांबद्दल जे मिळेल ते वाचायला लागले आणि लक्षात आलं की पाच ओळींच्या भाषणात आपण या माणसाची सगळी गोष्टच गाळून टाकतो. म्हणून हा लेख. तुम्ही वर्गात सांगा, घरी सांगा, हवा तसा बदलून सांगा.

सुरुवात नकाशावरून करा. सातारा जिल्हा, कराड तालुका. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम मुलांना बहुतेक माहीत असतो. त्या कराडजवळच गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब जाधव स्वतः पैलवान. पाच भावांमध्ये खाशाबा सगळ्यात धाकटे. घरात कुस्ती म्हणजे वेगळं काही शिकायचं नव्हतंच, मूल चालायला लागलं की तालमीच्या मातीत जायचं. वय वर्षं पाचपासून वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवलं. आठ वर्षांचे असताना त्यांनी भागातल्या एका नामांकित मल्लाला दोन-तीन मिनिटांत चीत केलं असंही सांगतात. अशा गोष्टी गावोगाव वाढत जातात हे आपल्याला माहीतच आहे, पण मुलांना ही फार आवडते, तेव्हा सांगायला हरकत नाही.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. हा काळ १९४२ च्या चले जाव चळवळीचा. सातारा जिल्ह्यात तेव्हा काय चाललं होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मातीत उभं राहिलं. शाळकरी खाशाबांनीही भूमिगतांना आसरा देणं, निरोप आणि पत्रकं पोचवणं अशी कामं केली. कुस्ती चालूच होती.

हायस्कूल संपल्यावर ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. आता कोल्हापूर आणि कुस्ती यांच्याबद्दल एक वेगळा लेख होईल. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, पैलवानांचे खुराक चालू ठेवले. खाशाबा तिथे पोचले तेव्हा शाहू महाराज जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण गावाचं कुस्तीचं वेड तसंच होतं. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे वस्ताद.

इथे एक प्रसंग आहे आणि शिक्षक म्हणून मी त्याच्यापाशी बराच वेळ थांबले.

कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धा होत्या. खाशाबा कुस्तीसाठी नाव द्यायला गेले. क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि नाव घ्यायला नकार दिला. कारण काय? अंगाने किरकोळ. पैलवान म्हटला की डोळ्यांसमोर जो आडदांड देह येतो तसं काही त्या पोरात नव्हतं. खाशाबा तिथून निघाले ते थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी ऐकून घेतलं आणि खेळायची परवानगी दिली. मग खाशाबांनी आपल्यापेक्षा वजनाने आणि अनुभवाने मोठ्या मुलांना एकामागून एक आस्मान दाखवलं.

आता तुम्ही म्हणाल त्या क्रीडाशिक्षकाचं चुकलंच. मीही तसंच म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला आमच्या शाळेची केंद्रस्तरीय स्पर्धेची यादी आठवली. ती यादी मीच केली होती. आमच्या पटावर एक मुलगा आहे, चणीने अगदी बारीक, तिसरीतला असून पहिलीतला वाटतो. त्याने दोनदा येऊन लंगडीच्या संघात नाव घ्या म्हणून सांगितलं होतं. मी त्याला पळायला लावलं नाही, लंगडी घालून बघितली नाही, नुसतं वरून खाली बघितलं आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. त्याच्याकडे कुणी प्राचार्य नव्हते जायला. तो गप्प वर्गात जाऊन बसला.

असो. गोष्ट पुढे नेते.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक होतं. देश नुकताच स्वतंत्र झालेला. खाशाबांची निवड झाली आणि जाण्यायेण्याच्या खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तोपर्यंत हा मुलगा मातीतच खेळलेला होता. आंतरराष्ट्रीय नियम, गादीवरची म्हणजे मॅटवरची कुस्ती, हे त्याने धड पाहिलंही नव्हतं.

हा फरक मुलांना नीट समजावून सांगा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आपली मातीतली कुस्ती अनवाणी पायांनी, लंगोट लावून होते. तांबड्या मातीत पाय रुततो, हाताला माती लावली की पकड बसते. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली, नाही लागली तर दोघे झुंजत राहणार. गुणांचा हिशोब मूळ पद्धतीत नाही. गादीवर सगळंच वेगळं. पायात बूट, अंगात घट्ट पोशाख, पायाखाली मऊ पण सपाट पृष्ठभाग, वेळेचं बंधन, आणि पाठ टेकली नाही तर पंच ठरवणार कोण सरस होतं ते. त्या काळी फ्रीस्टाइलची एक लढत पंधरा मिनिटांपर्यंत चाले. आता पंधरा मिनिटं म्हणजे आपला अर्धा तास नाही का, असं मला एका मुलाने विचारलं. तो तासिकेबद्दल बोलत होता. मी म्हटलं तू एक मिनिट दंडाला दंड लावून उभा राहून बघ. दोघांना उभं केलं. चाळीस सेकंदांत एकजण घामाघूम झाला. हे करून बघाच, पण खाली सतरंजी घाला.

लंडनमध्ये खाशाबांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने तयार केलं. वेळ फार थोडा होता. तरी फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोच्या आत, त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत हरवलं, अमेरिकेच्या बिली जेर्निगनलाही हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीने मात्र त्यांना हरवलं. शेवटी सहावा क्रमांक आला. मातीतून उठून पहिल्यांदा गादीवर गेलेल्या माणसाने जगात सहावं येणं ही काही लहान गोष्ट नव्हती. पण पदक नाही म्हटल्यावर कोण विचारतो? खाशाबा परत आले आणि पुढची चार वर्षं त्यांनी त्याच एका कामाला दिली. वजनगट वर नेला, बँटमवेट म्हणजे ५७ किलो. मेहनत वाढवली. जोर, बैठका, लढती. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात काखेत आवळून, कमरेवरून त्याला फेकायचं. अंगाने लहान माणसाला हा डाव साधला तर मोठा गडी हवेत जातो.

मग १९५२. हेलसिंकी. आणि इथे पुन्हा यादीचा प्रश्न आला!

मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांना एका गुणाने मागे टाकण्यात आलं आणि ऑलिम्पिकचा रस्ता बंद झाला. पंचांनी आपल्यावर अन्याय केला, मुद्दाम गुण कमी दिला, असं त्यांचं म्हणणं होतं. खरं-खोटं आज आपण ठरवू शकत नाही. पण त्यांनी काय केलं ते बघा. आदळआपट केली नाही, घरी जाऊन बसलेही नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. महाराज यादवेंद्र सिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते, स्वतः खेळाडू होते. त्यांनी खाशाबांना चाचणीत खेळायची संधी मिळवून दिली. या वेळी गुणांवर विसंबायची वेळच खाशाबांनी येऊ दिली नाही, प्रतिस्पर्ध्याला सरळ चीत केलं. संघात जागा मिळाली.

जागा मिळाली, पैसे नाहीत!

हा भाग मी वर्गात सांगते तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही. त्यांना वाटतं देशाकडून खेळायला जायचं म्हणजे विमानाचं तिकीट सरकार देतं, बूट देतं, जर्सी देतं. खाशाबांना आपल्या खर्चाची तजवीज स्वतः करायची होती. तेव्हाच्या मुंबई सरकारकडे चार हजार रुपये मागितले, ते मिळाले नाहीत असं सांगितलं जातं. मग गोळेश्वर आणि आजूबाजूच्या गावांतून वर्गणी निघाली. कुणी पैसे दिले, कुणी धान्य दिलं, जमेल तसं. कराडच्या दुकानदारांकडे, ओळखीच्या माणसांकडे हात पसरून झाले. तरी भागेना. तेव्हा ज्यांनी कॉलेजात असताना त्या किरकोळ पोराला खेळायची परवानगी दिली होती त्या खर्डेकरांनी आपलं कोल्हापूरचं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले.

शिक्षक मित्रांनो, मी इथे थोडी अडखळते. १९५२ सालचे सात हजार. आणि घर. आपल्यापैकी किती जणांनी गृहकर्ज काढलंय, हप्ता किती आहे, घरात सांगताना काय होईल, याचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. नवऱ्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला की त्यांच्या घरच्यांनी कसं काय ऐकून घेतलं असेल. ते काही मला कुठे वाचायला मिळालं नाही. पण विद्यार्थी पदक आणेलच अशी काही हमी नव्हती. लंडनला सहावा आलेला विद्यार्थी होता तो. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज बॅ. बाळासाहेब खर्डेकरांचं नाव आहे. तिथे अभ्यास करणाऱ्या किती मुलांना हे घराचं माहीत असेल कोण जाणे.

हेलसिंकी म्हणजे फिनलंडची राजधानी. जुलै महिना, तिकडचा उन्हाळा, रात्री उशिरापर्यंत उजेड. भारताच्या कुस्ती संघात कोल्हापूरचे केशव माणगावेही होते. ते ६२ किलो गटात चौथे आले. हे नाव आपल्याला कधीच आठवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. चौथा आणि तिसरा यांत केवढी दरी पडते ते यावरून दिसतं.

५७ किलोच्या गटात खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चीत केलं. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला चीत केलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी लढत पूर्ण वेळ चालली, पाठ कुणाचीच टेकली नाही, पंचांनी कौल खाशाबांच्या बाजूने दिला. असं करत ते शेवटच्या तिघांत पोचले. उरलेले दोघे होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेयोव.

त्या वेळच्या नियमात एकदा हरलं की लगेच घरी असं नव्हतं. हरण्या-जिंकण्याचे दोषगुण साठत जायचे आणि शेवटी उरलेले तिघे आपसांत लढायचे. म्हणजे सुवर्णही शक्य होतं. इशींबरोबरची लढत पूर्ण पंधरा मिनिटं चालली आणि खाशाबा ती हरले. फार थोडक्यात हरले असं सांगतात. आणि मग घडलं ते असं की या दोन मोठ्या लढतींमध्ये नियमाप्रमाणे किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, ती त्यांना मिळाली नाही. लगेच गादीवर या म्हणून पुकारा झाला. त्या वेळी त्यांच्या बाजूने आयोजकांशी भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांना इंग्रजीत वाद घालण्याची सवय नव्हती, आणि अंगात बोलण्याइतकं त्राणही नसेल. ते थकलेल्या अंगाने ममदबेयोवसमोर उभे राहिले आणि हरले. इशींना सुवर्ण, ममदबेयोवना रौप्य, खाशाबा जाधवांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

त्या चौथीतल्या मुलीला मी नंतर हे सगळं सांगितलं. तिसरा नंबर कसा आला ते. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग त्यांचे साहेब कुठे गेले होते? वर्गात तीन-चार मुलांनी तोच प्रश्न उचलला. गंमत म्हणजे मोठ्या माणसांना ही गोष्ट सांगितली की ते पदकाबद्दल बोलतात. मुलं मात्र त्या रिकाम्या खुर्चीबद्दल विचारतात. आपण त्यांना स्पर्धेला घेऊन जातो तेव्हा मैदानाच्या कडेला आपण उभे आहोत की चहाला गेलोय, हे ती बघत असतात बहुतेक.

आता या पदकाचं महत्त्व. भारताला त्याआधी हॉकीत सुवर्णपदकं मिळाली होती, पण तो सांघिक खेळ. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डच्या नावावर दोन रौप्यपदकं आहेत, पण तेव्हा देश पारतंत्र्यात होता. स्वतंत्र भारतासाठी एकट्याने, स्वतःच्या दोन हातांवर ऑलिम्पिक पदक मिळवणारा पहिला माणूस खाशाबा जाधव. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने हेलसिंकीतच अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा धुव्वा उडवून सुवर्ण मिळवलं. देशभर त्याचाच गाजावाजा झाला आणि कांस्य थोडं झाकोळलं.

पण कराडात नाही झाकोळलं. खाशाबा रेल्वेने परत आले तेव्हा स्टेशनवर माणसांचा समुद्र होता. शंभराहून जास्त बैलगाड्या, ढोल, ताशे, हलगी. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतचं अंतर एरवी पाव तासात कापलं जातं, त्या दिवशी मिरवणुकीला सात तास लागले. बैलांची शिंगं रंगवलेली, फेटे उडतायत, आणि त्या गर्दीत ज्यांनी चार आणे, आठ आणे वर्गणी दिली होती ते सगळे. पदकात प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा होता की!

मुलांचा हमखास पुढचा प्रश्न असतो की सरांचं घर सुटलं का. हो, सुटलं. खाशाबांनी परत आल्यावर सत्कार घेत फिरण्याऐवजी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले, आणि जमलेले पैसे खर्डेकरांच्या हातात ठेवले. गहाण सुटलं. हे मी सांगितलं की वर्गात टाळ्या पडतात. पदकाला पडतात त्याहून जोरात, हे मी दोन्ही वर्षी पाहिलंय.

इथे थांबलं तर गोष्ट छान संपते. पण मी थांबत नाही आणि तुम्हीही थांबू नका असं मला वाटतं. चौथीच्या मुलांना पुढचं समजतं.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी करत असताना गुडघा दुखावला आणि ते स्वप्न तिथेच राहिलं. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं त्यांनी नोकरी केली. खात्यातल्या कुस्तीगिरांना शिकवलं, खेळवलं. पण बढती? वर्षानुवर्षं ते उपनिरीक्षकच राहिले. सहायक पोलीस आयुक्त झाले ते अगदी नोकरीच्या शेवटाला. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना खेटे घालावे लागले, असं त्यांच्या कुटुंबीयांनी अनेकदा सांगितलं आहे. ज्यांना आपली स्वतःची कागदपत्रं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकण्याची वाट बघावी लागली आहे, त्यांना याचा अर्थ कळेल. पंधरा मिनिटांची कुस्ती एक वेळ बरी, तिला शिट्टी तरी असते.

गावात त्यांनी घर बांधलं, त्याचं नाव ऑलिम्पिक निवास. १९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांमध्ये त्यांना मान मिळाला. तीस वर्षांनी! १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. वय ५८. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता.

मोठे सन्मान आले ते नंतर. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९९० च्या दशकात, केंद्राचा अर्जुन पुरस्कार २००० सालचा, दोन्ही मरणोत्तर. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. आणि आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन झाला. त्या मुलीने विचारलेल्या वाढदिवसाचं उत्तर हे असं साठ-सत्तर वर्षं उशिराचं आहे.

गणिताच्या तासाला मी फळ्यावर दोन वजाबाक्या घालते. खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते १९९६ साली अटलांटाला, टेनिसमध्ये लिअँडर पेसला. १९९६ वजा १९५२. उत्तर आलं की मुलं एकमेकांकडे बघतात, कारण त्यांच्या आईवडिलांचं वयही तितकं नसतं. दुसरी वजाबाकी, महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं ते २०२४ साली पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत. २०२४ वजा १९५२. तेही कांस्यच. इथे आता कुणी तिसरा नंबर म्हणून हसत नाही.

पालकांना एक विनंती. खाशाबांची गोष्ट घरी सांगताना पदकापासून सुरू करू नका, क्रीडाशिक्षकांनी नाव घेतलं नाही तिथून सुरू करा. मूल कान टवकारतं. प्रत्येक मुलाला असं कुणीतरी कधीतरी परत पाठवलेलं असतंच आणि त्याने ते आपल्याला सांगितलेलंही नसतं. माझ्या मुलाने मला ही गोष्ट ऐकल्यावर त्याच्या चित्रकला स्पर्धेचं सांगितलं, जे आठ महिने झाले तरी मला माहीत नव्हतं.

आणि त्या बारीक मुलाचं. या वर्षी सराव सुरू झाला तेव्हा मी सगळ्यांना आखलेल्या चौकोनात सोडलं आणि लंगडी घालायला लावली. तो मध्ये एकदाही पाय टेकवत नाही आणि मोठी मुलं वळायच्या आत त्यांच्या पाठीला हात लावून पुढे गेलेला असतो. यादीत त्याचं नाव तिसरं आहे. स्पर्धा पुढच्या गुरुवारी. टेम्पोच्या भाड्याची वर्गणी निम्मी जमली आहे, उरलेली सोमवारच्या पालकसभेत मागायची आहे.